मायचे मोजे

मी सायन्सची पदवीधर. भूतबित सांगणाऱ्यांची आजवर यथेच्छ टर उडवलीय, तेव्हा तुम्ही माझी उडवलीत तर हरकत नाही... पण हे माझ्याच हातावर घडलंय.

जळगावात घराच्या तळमजल्यावर माझी नर्सरी आहे. वडील गेल्यावर माय—माझी आई—शिरपूरकडच्या गावाहून माझ्याकडे राहायला आली. माझ्या मुलीला तोकडे झालेले शाळेचे मोजे घेऊन, त्यांना शर्टाच्या बटणांचे डोळे शिवून तिने बाहुल्या केल्या. त्या हातात घालून ती नर्सरीतल्या पोरांना अहिराणीत गोष्टी सांगायची. कवळी सैल, त्यामुळे 'स' म्हणताना बारीक शिट्टी वाजायची. पोरं खूश! मला मात्र पालकांपुढे लाज वाटायची. एक दिवस मी तिला म्हणाले, "माय, मुलांची भाषा बिघडते. तू वर्गात येऊ नकोस."

"बरं बाई. नही येसू."

नंतर ती माझ्याशीही कामापुरतंच बोलली. दीड वर्षाने गेली.

यंदा हिवाळ्यात, सकाळी अकराची वेळ. मी त्यातला एक मोजा हातात चढवला. असोद्याहून येणाऱ्या आमच्या मदतनीस संगीतामावशी पालकांच्या ग्रुपसाठी व्हिडिओ काढत होत्या. "एक होता ससा," म्हणून मी थांबले, आणि मोजा बोलू लागला—

"एक व्हती चिडी. तिनी पोर तिले म्हने, माय, तू बोलू नको. मंग चिडी चूप बसनी."

'बसनी'ला शिट्टी वाजली.

"मग चिमणीचं काय झालं?" पुढे बसलेल्या मुलीने विचारलं.

"मंग काय? पोर भलती शहानी शे. चिडीच येडी!"

पोरं खिदळली. मावशींनी सवयीने व्हिडिओ टाकला आणि मग नीट पाहिला. "ताई, तुमचं तोंड तं बंदच हाये!"

खरंच बंद होतं.

तेवढ्यात एका आईचा मेसेज आला— 'मॅम, हे असलं गावंढळ बोलणं शिकवता?' खाली चार अंगठे. मी घाईघाईने लिहिलं— 'सॉरी, आमच्या कामवाल्या बाईंचा आवाज आलाय. पुन्हा होणार नाही.' व्हिडिओ सगळीकडून डिलीट केला. मावशीही त्याच ग्रुपमध्ये आहेत. त्यांनी मेसेज वाचला आणि सतरंज्या झटकायला घेतल्या.

आता रोज मुलं गेली की मी तो मोजा हातात घालून बसते. "माय, बोल ना," म्हणते. काही नाही. मेलं फडकं!

आवाज कुठून आला, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. तो आला होता, आणि मी स्वतःच्या आईला कामवाली म्हणून मोकळी झाले... एवढंच खरं.