फुलाला हात न लावता

बावीस वर्षं एलिएसेर ओकेंदोनं मेदेयीनमध्ये हातात धरायच्या वस्तू घडवल्या. चॉकलेट घुसळायच्या भांड्याची मूठ, गुळाच्या वड्यांचं वेष्टन, कॉफीच्या पुड्यांवरची चित्रं. ती मूठ कशी धरायची, हे कुणाला कधी सांगावं लागलं नव्हतं. मग कारखान्याला त्याची गरज उरली नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी तो पोरासोरांच्या वर्गात बसून मोबाइलचे पडदे आखायला शिकला. आता दवाखान्याची वेळ घ्यायच्या अ‍ॅपवर तो उमेदवारी करत होता, आणि उमेदवारी शुक्रवारी संपत होती.

पहिला पडदा त्यानं जीव ओतून काढला होता. मलईच्या रंगावर फिकट ऑर्किड, पाकळीवर बारीक अक्षरांत ‘वेळ घ्या’. तेच बटण. आतापर्यंत चार वृद्धांनी अ‍ॅप वापरून पाहिलं. चौघांपैकी एकानंही ते दाबलं नाही.

“पाचव्यालाही सापडलं नाही तर तुम्हाला ठेवा म्हणून मी कुठल्या तोंडानं सांगू, काका?” युलियाना म्हणाली. ती त्याची वरिष्ठ, वय सव्वीस.

पाचव्या ओलिवाबाई, भरतकाम करून निवृत्त झालेल्या. कानात ठेवणीतले डूल घालून आल्या होत्या. चाचणीत नियम एकच: मदत करायची नाही, नजरेनंसुद्धा.

“डॉक्टरांची वेळ घ्या, बाई. मनात येईल ते मोठ्यानं बोला,” एलिएसेर म्हणाला.

“अगं बाई, काय सुरेख फूल!” त्यांनी डॉक्टरांच्या फोटोवर बोट टेकवलं. पुन्हा टेकवलं. “हा काही बोलत नाही. आमच्या ह्यांच्यावर गेलाय.”

बोट सगळीकडे फिरलं. फुलापाशी आलं की मात्र कडेकडेनं वळसा घालायचं, ओल्या हाताचा डाग पडू नये अशा बेतानं. एलिएसेरनं आपले हात मांड्यांखाली दाबून धरले.

“आता काय करू, पोरा?”

“मी इथे नसतो तर काय केलं असतंत?”

“लेकीला हाक मारली असती. पण ती गेली माद्रिदला.” सहा मिनिटं झाली. “माझंच डोकं चालत नाही बघ. तुम्ही एवढं छान केलंय.”

वेळ संपली तेव्हा कुठे त्याला बोलता आलं. “परीक्षा तुमची नव्हती, बाई. माझी होती.”

“मग आधी नाही का सांगायचं!” त्यांनी अभिप्रायाचा कागद ओढला आणि प्रत्येक ओळीत पाचावर गोल केला. फारच सोपं. फारच सोपं. “लोकाच्या घरी जाऊन जेवणाला नावं ठेवायची का? बरं, गुडघ्यासाठी गुरुवारची वेळ लागली ना?”

“ही नुसती चाचणी होती.”

“म्हणजे उद्या पहाटे परत दवाखान्याच्या रांगेत.” त्या हसल्या, त्याचा गाल थोपटून गेल्या.

शेजारच्या खोलीतून सगळं बघत असलेली युलियाना आत आली. कागद उचलून बराच वेळ वाचत राहिली.

“हाच पाठवू? वरच्यांपैकी कुणी चाचणीचं चित्रण उघडून बघत नाही, काका.”

“बाईंना वेळ घेता आली का?”

“नाही.”

“मग?”

“मग तुम्हीच लिहा. माझा हात धजणार नाही.”

त्यानं लिहिलं: पाचपैकी शून्य. खाली कारणाचा रकाना होता. ‘बटण बटणासारखं दिसत नाही,’ त्यानं लिहिलं आणि युलियानानं थांबा म्हणायच्या आत पाठवून दिलं.