रज्जाकच्या पेट्यांचं पोट

रज्जाकच्या मुलाचा, सलीमचा फोन आला तेव्हा मी रंधा मारत होतो. "तात्या, अब्बा गेले," एवढंच तो म्हणाला. अंगावरचा भुसा झटकला आणि कोरेगावहून मिरजेची रेल्वे धरली. मातीला पोचलो, पण तोंड बघायला पोचलो नाही… त्याच्या आधी आठ महिने मी त्याच्याशी बोललो नव्हतो. आता तीन महिने होऊन गेले. मी चौथीपर्यंत शिकलेला सुतार, लिहिणं माझं काम नव्हे. पण दुसरा कुणी लिहील तर मला सांभाळून लिहील, म्हणून मीच लिहितो.

तरुणपणी मी मिरजेत एका वखारीत कामाला होतो, तिथं रज्जाक लाकूड न्यायला यायचा. त्याच्या घरात तंबोरे करायची कला. तंबोऱ्याचा भोपळा हातात घेऊन बोट वाकवून टिचकी मारायचा आणि मान तिरकी करून ऐकायचा. मी हसायचो. म्हणायचो, बाजारात कलिंगड घेतोयस काय? पुढं तंबोऱ्याची गिऱ्हाइकं कमी झाली तसा तो स्पीकरच्या पेट्या करायला लागला. "ह्ये बी भोपळंच रं, नुसतं चौकोनी," असं म्हणायचा. घरासाठी त्यानं सागवानी दोन पेट्या केल्या, चांगल्या फूटभर खोल. रोज सकाळी त्यांच्यावर एकच कॅसेट लावायचा. त्याच्या वडिलांनी शेवटचा तंबोरा जुळवला त्याचा आवाज होता तो. नुसत्या चार तारा. मी विचारायचो, गाणं कवा सुरू हुनार? तो म्हणायचा, सुरू हाय की, तुला ऐकू येत न्हाई.

सलीमनं सांगलीत फ्लॅट घेतला आणि बापाला तिकडं नेलं. हॉलच्या भिंतीवर मोठा टीव्ही, दोन्ही बाजूंना स्पीकरसाठी कोनाडे, पण खोली जेमतेम पाच इंच. पेट्या त्यात बसल्या तर ठेवू, नाहीतर भंगारात, असं पोरानं सांगितलं. रज्जाकचे हात तोवर कापायला लागले होते. पेट्या टेम्पोत घालून तो माझ्याकडं आला, आणि बरोबर एक कागद. मला राग आला. मी माप कागदावर घेत नाही, काठीवर खूण करतो, आख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे. कागद न उघडता मी खिळ्यांच्या डब्यात टाकला. सांगलीला जाऊन कोनाड्याची खोली काठीवर घेतली, आल्यावर दोन्ही पेट्यांची मागची बाजू करवतीनं उतरवली आणि प्लायनं बंद केली. स्पीकरचं लोहचुंबक मागं टेकत होतं म्हणून पुढं लाकडाचं कडं घालून स्पीकर उचलून घेतला. सांधा असा की नख जाणार नाही.

रज्जाक आला. सांध्याकडं बघितलंच नाही. टिचकी मारली, मान तिरकी केली. मग हळू म्हणाला, "तात्या, पोट काडलंस रं ह्येचं."

"सुतारकी मला शिकवू नगंस," मी म्हणालो. तारा जोडून त्यानं कॅसेट लावली. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कुणी बोलावं तसा आवाज आला. माझ्यासारख्यालाही कळलं. पण मी म्हणालो, "तुजं कान गेल्यात."

त्यानं कॅसेट काढून खिशात घातली. पेट्या घेऊन गेला… तेच शेवटचं.

त्याच्या चाळिसाव्या दिवशी सांगलीला गेलो. कोनाड्यात पेट्या नव्हत्या, टीव्हीखाली एक लांब काळी पट्टी होती, आता आवाज तिच्यातून येतो. सलीम म्हणाला, "अब्बांनी कॅसेट लावायचं सोडूनच दिलं होतं तात्या. आवाज असा कसा येतो विचारलं तर म्हणायचे, काम एक नंबर झालंय, माझेच कान गेलेत." मग त्यानं बापाला मिरजेत दवाखान्यात नेलं, कानाचं मशीन घेऊन दिलं. वयामानानं थोडं कमी आहे, डॉक्टर म्हणाले. माझं काम खोटं पडू नये म्हणून तो माणूस शेवटपर्यंत कानात मशीन घालून बसला, आणि बापाचा तंबोरा ऐकला नाही.

माळ्यावर टाकलेल्या पेट्या मी परत आणल्या. खिळ्यांचा डबा पालथा करून कागद काढला. कापऱ्या हाताचे आकडे. खोली कमी केलेली, पण रुंदी आणि उंची तेवढ्याच हिशेबानं वाढवलेली, म्हणजे आतली पोकळी पहिल्याइतकीच. कोनाडा उभा-आडवा ऐसपैस होता, सहज मावलं असतं. खाली लिहिलं होतं, तात्या, पोट तेवढंच ठेव.

त्या मापानं मी दोन नव्या पेट्या केल्या. चांगलं सागवान वापरलं. आता त्या कुणाला नकोत. कामठ्यात, माझ्या सुतारकामाच्या छपरात, खिडकीखाली आहेत. रोज सकाळी कामाला लागायच्या आधी बोट वाकवून त्यांच्यावर टिचकी मारतो, मान तिरकी करतो, त्याच्यासारखी… बरोबर झालंय का चुकलंय, सांगणारा तो एकटाच होता. मला लाकूड वाजल्याचं तेवढं कळतं.