कागदावरचा परिसर

"चपला बाहेर काढा गं. नवे ब्लॉक आहेत, चिखल लागेल."

कॉलनीतल्या नव्या बागेच्या फाटकावर ठेकेदाराचा माणूस उभा होता. आम्ही सात जणी. काठाच्या साड्या, हातात कलश. आदल्या दिवशी तोच आमच्या वस्तीत येऊन सांगून गेला होता, "तुमच्या वस्तीच्या कामाचं उद्घाटन आहे. नटून या." आम्हाला वाटलं, आता गल्लीचा रस्ता होणार.

मी चपला काढल्या. लपवत नाही. सगळ्यांच्या आधी मीच काढल्या. त्या कॉलनीत मी तीन घरी भांडी घासते. पायांना सवय झालीय.

बाकीचे पाहुणे बूट घालूनच आत गेले.

आत गुळगुळीत वाट, दिवे, बाकं. आम्हाला रांगेत उभं केलं. फोटो निघाला. लगेच तो म्हणाला, "झालं. निघा आता. चहा सोसायटीच्या लोकांना आहे."

बाहेर पडताना काळ्या दगडाची पाटी दिसली. मी सातवी शिकलेय. सावकाश वाचलं. वर आमच्या वस्तीचं नाव. पुढे 'परिसर सुशोभीकरण'. खाली, मागासवर्गीय वस्ती सुधारणा निधी.

पुन्हा वाचलं. पैसा आमच्या नावावर आला होता. बाग त्यांची झाली होती.

आणि आमची गल्ली? द्वारका चौकातून येणारा रिक्षावाला तोंडाशीच उतरवतो. आत गटार उघडं, पावसात घोट्याएवढा चिखल. गेल्या वर्षी माझी सासू तिथेच घसरली. खुब्याचं हाड मोडलं. चौघांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तिला बाहेर नेलं. लुगडं वर गेलं होतं. ती कण्हत नव्हती. दोन्ही हातांनी लुगडं खाली ओढत होती. अजून उठून चालता येत नाही तिला.

आठवड्याने तो माणूस कागद घेऊन आला. काम समाधानकारक झालं, अशा सह्या हव्या होत्या. वस्तीतल्या बायांच्याच.

"आमच्या गल्लीत तर काहीच झालं नाय," मी म्हटलं.

"फोटोत उभी होतीस ना? तेव्हा तोंड शिवलं होतं का?"

लागलं. कारण खरं होतं.

शेजारची म्हातारी पुटपुटली, "कर गं सही. पुढचं तरी काम होईल."

मी पेन घेतलं. त्याला वाटलं, वळली. मी लिहिलं, 'आमच्या गल्लीत काम झालेलं नाही. आम्हाला फोटोपुरतं बोलावलं.' खाली पूर्ण नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं. पण वाचता येत होतं.

त्याने कागद फाडला. "लय शहाणी झालीस."

मग आम्ही दुसरा लिहिला. माहितीच्या अधिकाराचा अर्ज, आमच्या वस्तीचा पैसा कुठे खर्च झाला ते विचारणारा. माझ्यासोबत चौघींनी सही केली. दोघींनी नाही. त्यांची कामं कॉलनीतच आहेत, मी त्यांना बोल लावत नाही. अर्ज महापालिकेच्या ऑफिसात दिला, पोच घेतली. तिथला इंजिनिअर हसला.

"अहो बाई, कॉलनी तुमच्या परिसरातच येते ना? मग झालं की काम."

कागदावर त्यांची बाग आमच्या परिसरात. पण आम्ही त्यांच्या परिसरात नाही.

पुढच्याच महिन्यात दोन घरांनी मला कामावरून काढलं. एक बाई म्हणाल्या, "सणाला साडी दिली, जुना फ्रिज दिला. तुला आम्ही काय कमी केलं होतं?" मी चपला घालून निघाले. घरी येऊन बोलले, भिंतीशी. साडी नको होती मला. सरकारने माझ्या दारासाठी दिलेला रस्ता हवा होता. तो तुमचा नव्हताच, मग तुम्ही मला काय देणार?

अर्जाची तीस दिवसांची मुदत संपली. उत्तर आलं नाही. साहेब बाहेर आहेत, नंतर या, बघू. तीन वेळा हेच ऐकलं, तिन्ही वेळा रोज बुडवून.

आता वरच्या साहेबाकडे द्यायचं अपील लिहून तयार आहे. सही न केलेल्या त्या दोघी परवा म्हणाल्या, या वेळी आम्हीपण येतो. आल्या तर चांगलंच. नाही आल्या तर एकटी जाईन. साहेब भेटेपर्यंत दारातून हलणार नाही. हसले तर हसू देत. आता तोंडी काही ऐकून घेणार नाही.

लेखी द्या.