विमलताईंचा डावा हात

विमलताईंची माझी ओळख झाली ती माझ्या हातून त्यांचा वाडगा फुटला तेव्हा. मी परदेशात, सरेमध्ये नवीन होते. त्यांच्या घरच्या पॉटलक जेवणानंतर भांडी आवरताना निळा वाडगा निसटला आणि मी रडकुंडीला आले. ताई म्हणाल्या, "आधी चप्पल घाल, तुकडा लागेल. मग सगळं गोळा कर. शनिवारी बेसमेंटमध्ये ये, दोघी मिळून जोडू."

मूळच्या नागपूरच्या, पेशाने इंजिनियर असलेल्या ताईंना शेजारच्या जपानी आजींनी किन्त्सुगी शिकवली होती. फुटलेलं भांडं झाडाच्या चिकाने जोडायचं आणि सांधा न लपवता त्यावर सोन्याची पूड भरायची. चीक सुकायला कित्येक दिवस लागत. मी घाई केली की त्या रागावत, "हात लावू नकोस, वाळू दे." अपूर्णतेत सौंदर्य पाहणाऱ्या वाबी-साबी या जपानी विचारावर त्यांनी कधी व्याख्यान दिलं नाही.

माझी नोकरी गेली तेव्हा मी इथल्या मराठी मंडळात जाणं सोडलं. एका दुपारी ताई वरणभाताचा डबा घेऊन दारात उभ्या.

"लोक विचारतील म्हणून येत नाहीस ना? ले-ऑफ झाला म्हणून सांग. मी शेजारी बसते."

त्या रविवारी मंडळात त्या खरोखरच कार्यक्रमभर माझ्या शेजारी बसल्या.

तीन वर्षांपूर्वी पक्षाघाताने ताईंचा उजवा हात निकामी झाला. ताई खचल्या नाहीत असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. त्यांनी ब्रश आम्हा शिकणाऱ्यांना वाटून टाकले, बेसमेंटमधला शनिवारचा किन्त्सुगीचा वर्ग बंद केला, फोन घेणंही थांबवलं. शेवटी मी एक फुटकी बशी घेऊन गेले.

"ताई, मला सांधा जमत नाहीये."

"मला तरी कुठे जमतोय आता?"

त्यांनी बशी वळवून चीर पाहिली. मग डावा हात पुढे केला. "दे ब्रश. तू बशी घट्ट धर."

रेघ थरथरली, एका जागी जाड झाली. मी पुसायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे. माझा हात आता असाच चालतो." ताईंची नात डोकावली. "आजी, इट्स सो वॉबली!"

"हो ना? आय मेड इट," ताई म्हणाल्या आणि कित्येक महिन्यांनी हसल्या.

पुढच्या शनिवारी वर्ग पुन्हा भरला.

ताई, आज आपण पंच्याहत्तर वर्षांच्या झालात. आपणांस उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि शनिवारची आपली बोलणी आम्हांला अजून पुष्कळ वर्षं खायला मिळोत.