अडवलेली मूठमाती

शनिवार, ४ ऑक्टोबर. पाव किलो मनुका धुऊन उकळत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर खायची आणि द्राक्षाचा रस प्यायचा. मनुकांचा रस काढायचा, पावाच्या कडा कापून चौकोनी तुकडे करायचे, छोटे पेले धुवायचे, हे काम बावीस वर्षं माझ्याकडे आहे. घरात मी एकटीच. आई होती तेव्हा खुर्चीत बसून चुका काढायची. आता चुका काढायला कुणी नाही.

संध्याकाळी चर्चमध्ये तयारीची उपासना होती. आम्ही सातजण आलो. पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, बायबलमधला नेहमीचा इशारा वाचला: जो अयोग्य रीतीने ही भाकर खातो, हा प्याला पितो, तो स्वतःवर दंड ओढवून घेतो. मला तो पाठ होता. न्यायाचं काहीही वाचलं की मला धाकटी बहीण आठवायची. तिनं जयगडच्या एका खलाशाशी लग्न केलं, तेही हिंदू पद्धतीनं, देवळात. तेव्हापासून आगीचं, बाहेरच्या अंधाराचं जे जे वचन कानी पडेल, ते मी मनातल्या मनात तिला लावत आले.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. आमच्यात शवपेटी कबरीत उतरवली की आधी घरच्यांनी मूठमाती द्यायची, मग इतरांनी. बहीण हातात माती घेऊन पुढे आली. मी तिचं मनगट धरलं आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "तू नको. मागे राहा." तिनं माती खाली सोडली, हात पदराला पुसला आणि निघून गेली. असं अडवायला शास्त्रात कुठंही सांगितलेलं नाही. ते मीच ठरवलं होतं.

त्या शनिवारी पाळक वाचून थांबले आणि म्हणाले, "हा इशारा आत बसलेल्यांसाठी आहे. बाहेरच्यांच्या हातात हा प्याला आपण देतच नाही." ते माझ्याकडे बघतही नव्हते, चष्मा पुसत होते. पण तो दंड बहिणीसाठी नव्हता, माझ्यासाठीच होता. प्रेमानं वगैरे नाही, भीतीनंच माझे डोळे उघडले. बाकावर बसल्या बसल्या एक गोष्ट मात्र कळली. ज्याला टाकूनच द्यायचं, त्याला आधी बजावायला कुणी येत नाही. मला बजावलं जात होतं, म्हणजे अजून वेळ होता.

उपासना संपल्यावर रसाची बाटली, पाव आणि पेल्यांच्या कपाटाची किल्ली पाळकांच्या बायकोकडे, पाळकबाईंकडे दिली.

"उद्या पेले तुम्ही भरा."

"अगोबाई! ताप आलाय की काय?"

"नाही. जयगडला जायचंय, बहिणीकडे."

"प्रभुभोजन सोडून?"

"आधी तिकडे. प्रभुभोजन पुढच्या महिन्यात आहेच."

त्यांनी किल्ली घेतली.

सकाळी पहिल्या एसटीनं गेले. बहीण अंगणात बांगडे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "काय ताई, रस्ता चुकलीस? तिकडे पेले कोण धुणार?"

"धुतील कुणीतरी. आईच्या मातीला मी तुझा हात धरला. पाप केलं. माफी मागायला आलेय."

तिची सुरी थांबली. "तीन वर्षं लागली?"

"लागली."

"नवरा समुद्रावर गेलाय. घरात असता तर त्यानं दारातूनच परत पाठवलं असतं तुला."

"मग तू पाठव."

तिनं पुढच्या बांगड्याचं पोट चिरलं, आतडी मांजरापुढे टाकली. मी दुसरी सुरी मागितली.

"राहू दे. तुला वास सोसत नाही," ती म्हणाली. "परतीची गाडी साडेअकराला आहे."

मी पायरीवर बसले. साडेअकराची गाडी गेली. तिनं जा म्हटलं नाही, आत ये असंही म्हटलं नाही. मी बसून राहिले.