पाय चेपू नका

सुमनताई खिल्लारे गेल्या, त्याच्या आठ दिवस आधी मी त्यांना भेटायला शिरड शहापूरला गेले होते. लिव्हरच्या आजारानं अंग आटून गेलं होतं, पायांवर तेवढी सूज. मी पायथ्याशी बसले आणि त्यांचे पाय मांडीवर घेतले. त्यांनी ते हळूच काढून घेतले. ‘चेपू नको,’ म्हणाल्या. एवढंच. पण नंतर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या… ती नजर मला त्या दिवशी कळली नाही. कळली असती तर मी तिथं बसू शकले नसते.

ताई ऑपरेशन थिएटरच्या नर्स, मी त्याच दवाखान्यात वॉर्डात. बाकी सगळ्यांचं लक्ष टाक्यांकडे, ताईंचं पायांकडे. माणूस पडून राहिला की पोटरीत रक्त गोठतं, आणि ती गाठ सुटून फुप्फुसात गेली की सगळं संपतं, हे त्या नव्या डॉक्टरांनाही ऐकवायच्या. ऑपरेशन चालू असताना कुणाचं कोपर पेशंटच्या पोटरीवर टेकलं, तर म्हणायच्या, ‘सर, तो पाय हाय, टेकून बसायचा पार न्हाई.’ आमच्याकडे आजाऱ्याची सेवा म्हणजे पाय चेपणं. टाके तुटतील म्हणून पेशंटला उठू द्यायचं नाही, आणि पडल्यापडल्या पाय मात्र चेपत राहायचं. ताईंना या मायेचीच धास्ती होती. पोटरीत गाठ असली तर चेपल्यानं ती सुटू शकते.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडच्या गोरेगावच्या एका बाईचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं होतं. तिसरा दिवस, अंगानं जड, पलंगावरून उतरायला तयार नाही. थिएटरमध्ये जाता जाता ताई वॉर्डात आल्या, चादर उचलून पोटऱ्या पाहिल्या आणि मला बाजूला घेतलं. ‘डावी सुजून राहिली. सरांना सांगते, येतीलच ते. तवर तिच्या लेकीला सांग, पाय अजिबात चेपू नको म्हणावं.’ मी ‘व्हय’ म्हणाले. आणि सलाईनच्या गडबडीत सांगायचं राहिलं. थोड्या वेळानं मान वळवली, तर तिची लेक कमल आईची पोटरी दोन्ही हातांनी चेपत होती. बाईचे डोळे मिटलेले, तीन दिवसांत पहिल्यांदाच चेहरा सैल झालेला. हातातली सलाईन लावू आणि मग सांगू, असं मी मनात म्हटलं. ती लावून व्हायच्या आत बाई उठून बसली. ‘कमल, जीव घाबरा होऊन राहिला,’ म्हणाली. डॉक्टर धावत येईपर्यंत ओठ निळे पडले होते.

‘काहून झालं असं?’ कमल विचारत होती. ताई म्हणाल्या, ‘रक्ताची गाठ फुप्फुसात गेली.’ चेपण्याचं नावही त्यांनी काढलं नाही. नंतर हात धुता धुता मला विचारलं, ‘तू सांगितलं होतंस ना तिला?’

‘सांगितलं होतं,’ मी म्हणाले. ‘ऐकलं न्हाई तिनं.’

हे मी बोलले. पुढे त्यांनी विषय काढला नाही आणि मीही काढला नाही.

ताईंच्या पुण्यानुमोदनाला, त्या गेल्यानंतरच्या वंदनेला, कमल आली होती. माझ्याजवळ येऊन बसली, माझा हात हातात घेतला. म्हणाली, ‘दोन वर्षांखाली माझंच ऑपरेशन झालं. ह्याच सुमन सिस्टर माझ्या नवऱ्याला म्हणल्या, पाय चेपू नका. तवा माझ्या ध्यानात आलं. मी इचारलं, माय माझ्यामुळं गेली का? तर म्हणल्या, तुला सांगितलं होतं ना. मी म्हणलं, न्हाई, कोणीच न्हाई सांगितलं. म्हणल्या, मंग तुझी काहीच चूक न्हाई, लेकरा.’ जरा थांबून तिनं विचारलं, ‘त्या दिवशी वॉर्डात तुमीच होता ना?’

मी खरं ते सांगितलं. तिनं हात सोडला आणि उठून दुसरीकडे जाऊन बसली.

दोन वर्षं ताईंना माहीत होतं, आणि मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. आजारानं घरी बसेपर्यंत या दोन वर्षांत त्या प्रत्येक पेशंटच्या स्ट्रेचरमागे वॉर्डापर्यंत चालत यायच्या. नातेवाइकांना समोर उभं करून ‘पाय चेपू नका’ असं स्वतः सांगायच्या, त्यांच्याकडून वदवून घ्यायच्या. मी शेजारीच उभी असायचे. मला वाटायचं, ताईंचा लोकांवर भरवसा नाही.