मंत्र्यांना माहीत नव्हतं

सौदीकरणाच्या त्या वर्षांत आमच्या अल मलाझच्या ऑफिसात कोणत्या जागा सौदी मुलांना द्यायच्या, याची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. यादीत तिसरी जागा माझीच. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा, तोही नीट टाइप करून!

मुलगी नुकतीच दहावीत गेली होती. तिची बोर्डाची परीक्षा इथल्याच शाळेतून व्हावी, एवढंच मला हवं होतं. आणि इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, दोन महिन्यांत संपत होता. मुलगी रोज विचारायची, परत जावं लागणार का, आणि मी रोज ठणकावून सांगायचो, “काही होत नाही.” बायकोचा मात्र माझ्यावर काडीचा विश्वास नव्हता. तिने न विचारताच मोठं इडलीपात्र शेजारणीला देऊन टाकलं. इथली रीतच ती, कायमचं जायचं म्हटलं की आधी भांडी घर सोडतात.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या टीव्हीवर एका मंत्र्यांची मुलाखत लागली होती. अरबी मलाही थोडंफार कळत होतं, तरी मी आमच्या सौदी मुदीरला, म्हणजे साहेबांना, दोनदा विचारून खात्री केली. मंत्री म्हणत होते, “सौदी मुलांचा कोटा वाढवला तर दुकानं बंद पडली, आमची मुलंही टिकली नाहीत. नेमकं काय करावं, आम्हाला अजून माहीत नाही.”

माहीत नाही! आपल्याकडच्या कुठल्या पुढाऱ्याच्या तोंडून जन्मात हे ऐकलं नव्हतं. मला तर त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. इतके दिवस वाटत होतं, वर कुणीतरी सगळं पक्कं ठरवून बसलंय.

मुदीरनेही सुस्कारा सोडला. “वल्लाह, तुझ्याशिवाय हा सेक्शन कसा चालवायचा, मलाही माहीत नाही. यादी राहू दे. इकामा एक वर्षाने वाढवू.” आणि त्याने तिथल्या तिथे मुदतवाढीच्या अर्जावर सही केली.

घरी बातमी सांगितली. बायको देवापुढे दिवा लावायला गेली. मुलीने तिच्या शाळेतल्या हिंदीत विचारलं, “और ट्वेल्थ तक?”

तोंडावर आलेलं “काही होत नाही” मी गिळलं. म्हटलं, “दहावी इथेच होईल. पुढचं मला खरंच माहीत नाही गं.”

ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, “बाबा, मुझे लगा सिर्फ मैं ही डर रही हूँ.”